पॉइंटवाले नाना

लालबागच्या बाजारात नाना बरोबर असले की आपले पैसे आपल्याला खर्च करता येत नसत. मिक्सर घ्या, पंखा घ्या, पोराचे शाळेचे बूट घ्या, पर्सकडे हात गेला रे गेला की नानांचा हात आडवा आलाच. "थांब गो. तू माका घराकडे दी. हय मी देतंय." मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं क्रेडिट कार्ड बाहेर यायचं. दुकानदाराने ते यंत्रात घालून परत देईपर्यंत नाना त्याच्या हातावरची नजर हलवत नसत. त्या तीन-चार वर्षांत आमच्या चाळीत जी जी मोठी वस्तू आली, तिच्या पावतीवर नाव नानांचं. वस्तू बिघडली की दुकानदार पावतीवरच्या माणसाला ओळखणार, म्हणून नाना बिचारे दुसऱ्याचा मिक्सर काखोटीला मारून दुरुस्तीला जायचे.

चाळीला आधी वाटलं, म्हाताऱ्याला दुकानदार कमिशन देतात. तसं काही नव्हतं. कार्डावर खर्च केला की बँक पॉइंट देई आणि पुरेसे पॉइंट साठले की त्यांच्यावर विमानाचं तिकीट मिळे. नानांचा स्वतःचा खर्च तो किती? चहा, तंबाखू आणि बायकोची, म्हणजे आमच्या काकींची, औषधं. एवढ्यावर पॉइंट साठवायचे तर विमान मिळेपर्यंत माणूसच वर जायचा. म्हणून नानांनी सगळ्या चाळीचा खर्च आपल्या अंगावर घेतला होता. तळमजल्यावरच्या सावंतांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नाना पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "मंगळसूत्र माझ्या कार्डार घेवया." सावंत भडकले. पोरीचं मंगळसूत्र उधारीच्या पैशांतून घेणारा बाप मी नाही, म्हणाले. नाना आठवडाभर तोंड पाडून बसले होते. शेवटी सावंतांनाच दया आली आणि मानापानाच्या साड्या त्यांनी दादरला नानांच्या कार्डावर घेतल्या. तेव्हापासून ते 'पॉइंटवाले नाना' झाले, आणि त्यांना ते नाव आवडायचं.

नाना मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचेखात्यात होते. म्हणजे कापड विणणारे. साच्यांचा आवाज इतका की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. साचेवाले एकमेकांचे ओठ बघून बोलत. गिरणी गेली, पण नानांचं ते कसब राहिलं, आणि डाव्या कानाचा बहिरेपणाही राहिला. संपानंतर मिळेल ते करत करत ते गिरगावातल्या एका जुन्या व्यापारी इमारतीत लिफ्टमन झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या औषध कंपनीच्या कचेरीत मी हिशेब बघत असे, त्यामुळे घरी शेजारी आणि कामावर लिफ्टमन, असे नाना मला दोन्हीकडे पुरून उरले. लिफ्टमध्ये आरसा होता. व्यापारी लोक नानांकडे पाठ करून कुजबुजायचे आणि नाना आरशात त्यांचे ओठ वाचायचे. फक्त अडचण अशी की माणसं तिसऱ्या नाही तर पाचव्या मजल्याला उतरून जात. नानांचं ज्ञान म्हणून नेहमी अर्धवट. "कोणीतरी कोणाचो तरी गाळो बळकावल्यान," असं ते मला सकाळी सांगत. कोणी आणि कोणाचा, ते लिफ्टच्या बाहेर राहिलेलं असे.

एक दिवस असंच एक हिरेवाले शेठ आरशात दुसऱ्याला सांगत होते की मी दिल्लीला विमानाने जाऊन आलो आणि तिकिटाला पैसा दिला नाही, कार्डाच्या पॉइंटवर गेलो. पुढचं सांगेपर्यंत पाचवा मजला आला. संध्याकाळी नाना माझ्या दारात. "सुमे, बँक माणसाक विमानात बसवता?" मला तेव्हा क्रेडिट कार्डातलं ओ की ठो कळत नव्हतं. महिन्याच्या महिन्याला पगार आला, खर्च झाला, संपलं. पण नानांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवलं नाही.

आमच्या इमारतीखाली जेवणाच्या सुट्टीत कार्ड विकणारे टेबल टाकून बसत. आम्ही दोघं तिथे जाऊन उभे राहिलो, जसं पहिल्यांदा शहरात आलेलं माणूस बसची पाटी वाचतं तसे. टेबलामागचा टायवाला सारखा एकच कार्ड पुढे करी. त्याला वर्षाची फी नव्हती, पेट्रोलवर सूट होती, सिनेमाचं एक तिकीट फुकट होतं. "माझ्याकडे खंय गाडी आसा पेट्रोल घालूक?" नाना म्हणाले. दुसऱ्या कार्डावर खर्चाचे थोडे पैसे परत मिळत. मला ते पटलं होतं. पैसे हातात आले म्हणजे पाहिजे तिथे जाता येतं. तिसरं कार्ड विमान कंपनीचं. त्याला दरवर्षी फी, आणि पॉइंट फक्त विमानालाच. मी नानांना म्हटलं, "नाना, फी भरून भरून तुम्ही तिकिटाएवढे पैसे घालवाल. हे पैसे परत देणारं घ्या, शहाणपणाचं आहे." नाना म्हणाले, "पैसे परत दिल्यानी तर खर्च जातले. घरात शंभर भोका आसत. विमानाचे पॉइंट दुसऱ्या कित्याक वापरूक येवचे नाय, म्हणानच ते व्हये." मी घेतलं पैसे परत देणारं आणि नानांनी घेतलं विमानाचं. नवशिक्याला कोणी सल्ला विचारला तर आजही मी माझ्याच कार्डाचं नाव घेईन. पण नाना का हट्टाने तसे वागले, ते मला माहीत होतं आणि म्हणून मी वाद घातला नाही.

लिफ्टमनच्या पगारावर बँक कार्ड देईना. मुदत ठेव दाखवली तर देते म्हणाली. गिरणीकडून उशिरा का होईना जे मिळालं होतं ते नानांनी ठेवीत टाकलं होतं आणि ते काकींचं म्हातारपण होतं. काकींनी आकाशपाताळ एक केलं. त्या पैशाला हात लावलात तर मी गावाला निघून जाईन, म्हणाल्या. नाना शांतपणे म्हणाले, "हात खंय लावतंय? नुसतो दाखवतंय." काकी गावाला गेल्या नाहीत, पण आठवडाभर नानांशी फक्त माझ्यामार्फत बोलल्या.

आणि ते पैसे राखायचे कसे हे नानांना नीट ठाऊक होतं. आज कार्ड वापरलं की उद्या रोकड घेऊन नाना बँकेच्या खिडकीशी. खिडकीतली बाई म्हणे, "आजोबा, बिल यायला अजून वीस दिवस आहेत, घरी जा." नाना म्हणत, "येंव दे तेच्या सवडीन. पैसे थांबतले." संपात वाण्याने उधारी बंद केली त्या दिवसापासून देणं मागणारा माणूस दारात दिसलेला त्यांना सहन होत नसे. बाकी लोक कार्ड उधारीसाठी घेतात. नानांनी उधारी सोडून कार्डाचं बाकी सगळं घेतलं होतं.

आता विमान कशाला हवं होतं ते सांगते. नानांना एकुलती एक मुलगी, वासंती. आम्ही तिला वासू म्हणत असू. ती माझ्या बरोबरीची, दोघी मिळून गॅलरीत ठिकरीने घरं आखायचो. संप लांबला आणि घरात चूल एक वेळ पेटायला लागली, तेव्हा काकींची बहीण कलकत्त्याहून आली. तिचे यजमान तिकडे बंदरात नोकरीला होते, मूलबाळ नव्हतं. संप मिटेपर्यंत पोरीला नेते, म्हणाली. गाडीच्या खिडकीपाशी नानांनी वासूला सांगितलं की गणपतीत मी तुला न्यायला येतो. वासू सात वर्षांची होती. तिने ते खरं धरलं. गणपती आले, गेले. संप मिटला असं कोणी कधी म्हणालंच नाही, तो नुसता विरत गेला. नानांकडे जाण्यायेण्याचं भाडं जमेपर्यंत दोन वर्षं गेली. ते गेले तेव्हा वासू मावशीच्या पदराआड लपली आणि बाहेर येईना. ती मावशीला आई म्हणत होती आणि तिच्या रडण्यातले शब्द नानांना कळेनात, कारण ते बंगाली होते. नाना एकटे परत आले. त्यांनी चाळीत कोणाला दोष दिला नाही, मावशीलाही नाही. "पोर पोटभर जेवता हा," एवढंच काकींना सांगितलं.

वासू तिकडेच वाढली, शिकली, एका बंगाली मास्तरांशी तिचं लग्न झालं. पत्र येई, पुढे फोन येऊ लागला. गौरीच्या दिवसांत नाना दरवर्षी विचारत, येतेस का? आमच्याकडे गौरीला माहेरवाशीण घरात नसली तर गौर मुकी बसते, असं बायका म्हणतात. वासूचं उत्तर ठरलेलं: "बाबा, किती लांब आहे. दोन रात्री जायला, दोन रात्री यायला. मुलांची शाळा, ह्यांची शाळा. कसं जमणार?" ते ऐकून आम्ही शेजारणी एकमेकींकडे बघत असू. कलकत्ता लांब आहे म्हणून वासू येत नव्हती का? चाळीतल्या लहान पोरालाही ते खरं वाटलं नसतं. पण नानांनी मुलीचा शब्द जसाच्या तसा घेतला. लांब आहे ना? मग जवळ करू. दोन रात्रींचे दोन-अडीच तास करणारी वस्तू जगात होती आणि ती पॉइंटवर मिळत होती. शिवाय आपल्याकडे लेक माहेरी येते ती कोणी न्यायला आलं तर. त्या न्यायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. तिकीट पाठवून दिलं आणि ये म्हटलं, हे नानांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांना स्वतः जायचं होतं. जाताना एक तिकीट, येताना दोन. म्हणून तर सावंतांचं मंगळसूत्र.

नानांची आणखी एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. गिरणीत कायम कामगार आजारी पडला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही. फाटकावर सांगायचं की मी अमक्याचा बदली, आत जायचं आणि त्याची पाळी भरायची. नानांचा बदली होता बाबू. बाबूला गिरणीने कधी कायम केलं नाही, पण नानांनी केलं. गिरण्या गेल्या, बाबू दादरच्या फुलबाजारात हमाली करू लागला, तरी तो नानांचा बदलीच राहिला. नानांना रेशनच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला की बाबू उभा. कोणाच्या बारशाला जायला जमलं नाही की बाबू जाई, नानांच्या नावाने बाळाच्या हातात पाच रुपये ठेवी आणि नानांच्या वाटणीचं जेवून येई. "मी गेलंय काय नि बाबू गेलो काय, एकच," नाना म्हणत. डॉक्टरांनी छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढून आणायला सांगितला तेव्हाही म्हणाले, बाबूला पाठवतो. आम्ही पोट धरून हसलो. छातीचा कागद मात्र राहूनच गेला.

पॉइंट पुरे झाले त्या दिवशी नानांनी लिफ्टमधल्या प्रत्येकाला पेढा दिला, त्या हिरेवाल्या शेठनाही. शेठना काही कळलं नाही, त्यांनी पेढा खाल्ला. मी कचेरीतून फोन लावला आणि गौरीच्या आधीची तिकिटं पक्की केली. फुकट तिकिटालाही कर भरावा लागतो हे ऐकून नानांनी मला दोनदा पुन्हा विचारायला लावलं. टायवाल्याने तेवढं सांगितलं नव्हतं. मग वासूला फोन केला. "बाई, मी तुका न्हेवक येतंय. विमानान. आता लांब नाय." पलीकडून वासू म्हणाली, "बरं." नानांनी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधी नाना जिन्यात बसले ते उठले नाहीत. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. हृदयाचं दुखणं, यंत्रं, नळ्या, काचेपलीकडची खोली. काकींनी बजावलं, वासूला काही कळवायचं नाही. न्यायला येणारा आजारी म्हटलं की ती परत बॅग सोडून ठेवेल. मी म्हटलं, मग तिकिटांचं काय? काकी म्हणाल्या, बघू. पण नानांनी आधीच बघितलं होतं. काचेबाहेर बाबू उभा होता. नानांच्या नाकातोंडात नळ्या नव्हत्या, नुसता ऑक्सिजनचा मास्क होता, आणि तो त्यांनी क्षणभर बाजूला केला. आवाज काचेबाहेर येत नव्हता. बाबूला आवाज लागत नव्हता. नानांचे ओठ हलले, बाबूने मान डोलावली आणि तो तिथून गेला. आम्हाला वाटलं, चहा प्यायला गेला.

पुढचं बाबूनेच मला नंतर सांगितलं. त्याने काकींकडून नानांची भरलेली पिशवी घेतली. वासूसाठी साडी, हिरव्या बांगड्या, कोकमं, गावचा नारळ, शिवाय तिकिटाचा आणि वासूच्या पत्त्याचा कागद. काकींनी ती दिली, कारण त्यांनाही त्यात काही गैर वाटलं नाही. नाना नाही तर बाबू, एकच. बाबू नवा सदरा घालून सांताक्रूझच्या विमानतळावर गेला. दारावरच्या शिपायाने तिकिटाचा कागद बघितला, ओळखपत्र बघितलं, नाव जुळेना. बाबूने समजावलं, "साब, वो बीमार है. मैं उनका बदली है. पूरा पाली भरेगा." शिपाई माणूस चांगला असावा, तो हसला नाही. त्याने वरच्या साहेबाला बोलावलं, साहेबाने बाबूला बाकावर बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की विमानात बदली चालत नाही. बाबूला ते खरं वाटेना. इतकी वर्षं जगातल्या एकाही फाटकाने त्याला नानांच्या नावावर अडवलं नव्हतं. विमान उडेपर्यंत तो बाकावर बसून राहिला. मग पिशवी उचलली आणि घरी न येता थेट कलकत्त्याच्या गाडीला गेला. त्याच्या लेखी त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पाळी घेतली होती, ती भरायला हवी होती.

इकडे दुपारी माझा मोबाइल वाजला. वासू. ती दोन्ही मुलांना घेऊन विमानतळावर उभी होती, सगळे लोक बाहेर येऊन गेले होते. "सुमन, बाबा नाही आले," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "ह्या वेळी पण नाही आले." त्या आवाजात सात वर्षांची वासू होती. मी फोन काकींच्या हातात दिला. काकी म्हणाल्या, "काय नाय गो, जरा दम लागता म्हणान डॉक्टरांनी ठेवून घेतल्यानी. बाबूक धाडलेलो." वासूने बाबू कोण ते विचारलंही नाही. फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं सगळं. आता ही पोर जन्मात यायची नाही. मला नानांचा, बाबूचा, त्या विमान कंपनीचा, सगळ्यांचा इतका राग आला की मी इस्पितळाच्या पायरीवर बसून रडले. आणि बाबू गेला कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. काचेआड नाना काकींना विचारत, बाबू पोचला? काकी मान हलवत, पोचला.

आणि तो पोचला की. दोन रात्री बसून, कोणाच्या तरी ट्रंकेवर डोकं टेकून, तापाने फणफणत. वासूने सकाळी दार उघडलं तर एक दाढी वाढलेला म्हातारा पिशवी छातीशी धरून उभा. "ताई, मी नानांचो बदली. तुका न्हेवक इलंय," तो म्हणाला आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. वासूने मला फोन केला तो त्याला गरम पेज पाजून झाल्यावर. नानांना त्याच सकाळी काचेच्या खोलीतून साध्या वॉर्डात आणलं होतं, डॉक्टर उतार आहे म्हणाले होते, त्यामुळे माझाही जीव भांड्यात पडला होता. मी म्हटलं, "वासू, तुझं तिकीट तुझ्या नावाचं आहे. ते चालतं. उद्याच्या विमानाने ये, दुपारी इथे असशील. बाबू येईल मागून गाडीने."

"त्याला एकट्याला पाठवू?" वासू म्हणाली. तिचं मराठी अडखळत येई, शब्द शोधत. "मला न्यायला आलेल्या माणसाला मी एकदा एकटं पाठवलंय, सुमन. मी खिडकीतून बघत होते. ते रस्त्याच्या कडेला थांबून थांबून जात होते. आता नाही पाठवणार." मुलांना सासूकडे ठेवून, त्याच रात्रीच्या गाडीने ती बाबूला घेऊन निघाली. नानांनी चार वर्षं सगळ्या चाळीचे मिक्सर आणि बूट विकत घेऊन मिळवलेली जागा दुसऱ्या दिवशी विमानात रिकामी आली.

त्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, नाना गेले. दुपारी दहीभात खाल्ला होता, काकींना गौरीच्या तयारीचं विचारलं होतं. मग एकदम घाम आला, डॉक्टर धावले, आणि काही करायच्या आत झालं. वासू तेव्हा नागपूरच्या पुढे कुठेतरी होती. तिला आम्ही कळवलं नाही. गाडीत बसलेल्या बाईला कळवून ती काय करणार होती? चाळीने ठरवलं, लेक आल्याशिवाय उचलायचं नाही. सावंत बर्फाच्या लाद्या घेऊन आले. शेजारच्या चाळीतल्या गणपतीची आरती हळू आवाजात झाली.

सकाळी ती आली. बाबू जिन्याशी आला आणि खालची गर्दी बघून समजला. तो वर आलाच नाही, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला. वासू एकटी वर आली. काकींनी तिला बघून टाहो फोडला. वासू रडली नाही. नानांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, जसं एखाद्याची ओळख पटत नाही म्हणून बघावं. मग तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "विमानाने आले असते तर भेटले असते ना?"

हो म्हणायचं की नाही म्हणायचं? खोटं बोलायचं तर तिला ते कळलं असतं. मी म्हटलं, "हो. भेटली असतीस." आणि मग त्या दुपारी दहीभात खाताना जे झालं ते तिला सांगितलं. मी नानांना म्हणाले होते की बाबूला विमानात घेतलं नाही, तो गाडीने गेला, आणि वासू विमान सोडून त्याच्याबरोबर गाडीने येतेय. मला भीती होती की पॉइंट फुकट गेले म्हणून ते कष्टी होतील. नाना भाताचा घास हातात घेऊन तसेच थांबले. "गाडीन?" त्यांनी विचारलं. "दोन रात्री बसान?" मी म्हटलं, हो, नाना, स्वतःहून. त्यांनी घास ताटात ठेवला. त्यांचं सगळं तोंड हसत होतं. "म्हणजे लांब नाय वाटला तिका," ते म्हणाले.

वासूला मालवणी आता फारशी येत नव्हती. मी ते सरळ मराठीत सांगायला लागले, तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, तसं नको, त्यांनी म्हटलं तसं म्हण. मी म्हटलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर ते शब्द पुटपुटू लागली आणि मग तिला रडू आलं.